आनंदरावाची ओवाळणी

"अवो, हे काय करून ठेवलं तुमी?"

गच्चीच्या दारातच गोपिकाचे पाय थिजले. एका अंगाला शेजारच्या मिनलच्या कुरडया वाळत होत्या, आणि त्यांना खेटून, जुन्या चादरीवर, गोपिकाचे सगळे दगड ओळीने मांडलेले होते. रुपराव मधोमध उकिडवे बसून एका गारगोटीला टूथब्रशने घासत होते. डोक्याला ओला दुपट्टा, आणि तोंडावर पुण्यकर्म केल्याचं समाधान.

"सगळ्याईले आंघोळ घालून देली," ते म्हणाले. "रविवारी तुयं प्रदर्शन हाये न? पाह्य कसे चमकून राहिले!"

रुपरावांचा जन्म पाणीपुरवठ्यात गेला. वस्तीवस्तीत जाऊन वेळेवर पाण्याची चावी सोडायची, हे त्यांचं काम. पाण्याने सुटत नाही असा प्रश्न जगात नाही, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. निवृत्त झाल्यापासून मानेवाड्याच्या त्या घरात एकही वस्तू कोरडी राहिली नव्हती. मागच्या महिन्यात त्यांनी मिक्सर धुतला होता.

गोपिका दवाखान्यातून, लसीकरणाची ड्यूटी आटोपून, उन्हात स्कूटी हाकत आली होती. नर्सचा पांढरा कोटसुद्धा अजून हातावरच होता. तिने चादरीवरून नजर फिरवली. गारगोट्या होत्या, सावनेरकडच्या काळ्या दगडातले चमचमते स्फटिक होते. पण काही जागा रिकाम्या होत्या.

"मीठ कुठं हाये? सांभरचा खडा?"

"कोनता?"

"अन् टाकणखाराचे खडे?"

रुपरावांनी ब्रश खाली ठेवला. "काई काई खडे बारीक झाले बाप्पा. आपोआप. मले वाटलं मळच होता तो."

गोपिकाला पुढचा प्रश्न विचारायचं धैर्य होईना. तरी तिने विचारला.

"अन् माया भाऊचा दगड?"

"तो पांढरा? तो बादलीतच हाये अजून. लय कीट चढलं होतं त्याच्यावर. म्हनून सकाळपासून भिजत टाकला. मधात पानीबी बदलून देलं."

मे महिन्यात नागपुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे चहासाठी ठेवलेलं आधणच. त्यात सकाळपासून! गोपिका तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली.

त्या दगडाचं आता सांगायलाच हवं, नाहीतर एका दगडासाठी बाई एवढी का हबकली ते कळायचं नाही.

गोपिकाचे थोरले भाऊ आनंदराव पूर्वी लडाखात रस्त्याच्या कामावर डंपर चालवायचे. एका वर्षी ऐन दिवाळीत रजा मिळाली आणि गाडीने घोळ घातला. भाऊबीजेला ते नागपूरच्या स्टेशनावरून थेट बहिणीच्या दारात आले, अंगावर प्रवासाची धूळ तशीच. साडी घ्यायला दुकान उघडं नव्हतं. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, सासरचं सगळं गोत समोर बसलं होतं. गोपिकाने ओवाळलं, आणि आनंदरावांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला एक पांढरा दगड काढून ताटात ठेवला.

"खाऱ्या तलावाच्या काठावर भेटला वं गोपे. तुले आवडते न, म्हनून तुयासाठीच आनला."

लहानपणी सावनेरजवळच्या शेतात नांगरामागून ही दोघं भावंडं गारगोट्या वेचत चालायची. गोपिकाचा फ्रॉकचा ओचा भरला की आनंदराव आपली टोपी पुढे करायचे. त्यामुळे ओवाळणीत दगड आला याचं तिला नवल वाटलं नाही. उलट ऊर भरून आला. पण सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"भाऊबीजेले दगड! साडी नाई तं नाई, पोलक्याचं कापड तरी आनाव!"

आणि सगळी खोली हसली. आनंदरावही हसले. कान लाल करून हसले.

गोपिका हट्टाला पेटली. हा साधासुधा दगड नाही, हे सिद्ध करायला ती तो घेऊन नागपूरच्या महाल भागात सुमंतसरांकडे गेली. सर कॉलेजात भूविज्ञान शिकवायचे आणि शहरातल्या दगडवेड्यांचं एक मंडळ चालवायचे. सरांनी दगड उलटसुलट पाहिला आणि सरळ जिभेला लावला. या लोकांची तीच रीत आहे. दगड आधी चाखतात, मग बोलतात. "गोडसर, खारट. टाकणखार आहे हा," सर म्हणाले. टाकणखार म्हणजे सोनार डाग देताना लावतात तो, किराणा दुकानात पुडीत मिळतो तो, पोरांचं तोंड आलं की लाही करून मधात चाटवतात तो.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. घरात त्या दगडाचं नावच 'आनंदाचा टाकणखार' पडलं. कुणाच्या पोराचं तोंड आलं की नणंद म्हणायची, "वहिनीकडून घासून आना वं थोडा." आनंदरावांनी त्यानंतर दर भाऊबीजेला साडी आणली, एकीपेक्षा एक भारी. पण पुन्हा कुठल्याही वाटेवरून बहिणीसाठी एक खडा म्हणून उचलला नाही. गोपिकाला तेच लागलं. चेष्टा तिने कधीच गिळली होती. भावाने खाली वाकायचं सोडलं, ते तिला गिळता आलं नाही.

आणि तिच्या मनात एक शंकाही होती. नागपूरच्या उन्हाळ्यात टाकणखाराचे खडे टिकत नाहीत. कोरड्या हवेत त्यांच्यातलं पाणी उडतं आणि पीठ होतं. तिने बाजारातून आणलेल्या खड्यांचं दर मे महिन्यात तेच व्हायचं. भावाचा दगड मात्र इतके उन्हाळे काढून वरून तेवढा पांढरा होता, आत घट्टच राहिला होता. वाचून वाचून तिने मनाशी एक नावही धरलं होतं: कुर्नाकोवाइट. तिबेटाकडच्या खाऱ्या तळ्यांत सापडणारं, टाकणखाराच्याच कुळातलं, पण दुर्मीळ. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पुन्हा तपासायला न्यावं आणि पुन्हा टाकणखारच निघाला तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून मंडळाच्या रविवारच्या प्रदर्शनातही तो दगड जाणार नव्हता.

आता ती मूठ रुपरावांनी बादलीत उघडली होती.

"काहून बसली वं अशी? तब्येत बरी हाये न?" रुपराव घाबरून जवळ आले.

"तो टाकणखार असन तं गेला न गा आता," ती म्हणाली. नवऱ्याला एरवी 'अवो' म्हणणारी बाई 'गा'वर आली, यावरून तिच्या मनाची दशा ओळखावी. "पान्यात साखरेवानी जातो तो."

रुपरावांचं तोंड एवढंसं झालं. चाळीस वर्षं लोकांना पाणी पाजलं आणि घरातच असा पूर आणला! "म्या चांगल्यासाठीच केलं वं," एवढंच ते पुटपुटले.

गोपिका उठली. मोरीजवळ निळी बादली होती, पाणी ताकासारखं गढूळ. पाणी ओतून पाहावं, हे तिच्याच्याने होईना. तिने बाही वर सारली आणि हात आत घातला. तळाला बोटं फिरली. काही नव्हतं. पुन्हा फिरली, आणि कडेला, बादलीच्या गोलाव्यात, काहीतरी टणक लागलं.

तिने ते बाहेर काढलं तेव्हा आधी तिला वाटलं, आपल्या हातात दुसराच दगड आला. पांढरा चुन्यासारखा थर पार निघून गेला होता. आत काचेसारखा नितळ, सरळ कडांचा, लांबट स्फटिक. त्यातून तिला आपली बोटं दिसत होती.

"खराब झाला काय वं?" रुपरावांनी मागून विचारलं.

गोपिका हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि रुपराव आणखीच घाबरले.

"नाई गेला!" ती म्हणाली. "अवो, नाई गेला हा! टाकणखार नाई हाये माया भाऊचा दगड!"

तिने त्यांना सगळं समजावलं. रुपरावांना निम्मं कळलं, पण आपल्या हातून चूक नव्हे तर शोध लागला आहे हे बरोब्बर कळलं. "म्हंजे पानीच कामी आलं न शेवटी," ते म्हणाले आणि चप्पल शोधायला लागले.

अर्ध्या तासात स्कूटी महालात होती. सुमंतसर आता बरेच थकले होते, पण दगड म्हटलं की अंगात वारं संचारायचं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"विरघळला नाही म्हणता? गरम पाण्यात?"

"सकाळपासून होता, सर. यायनं टाकला होता," गोपिकाने नवऱ्याकडे बोट दाखवलं. रुपरावांनी नम्रपणे मान झुकवली.

सर खुर्चीतून उठले. "यमू, स्पिरिटची बाटली दे जरा. आणि एक जुनी बशी."

"चांगल्या बशा घेऊ नका," आतून यमुताई म्हणाल्या. "तुमच्या प्रयोगांनी माझं स्वयंपाकघर निम्मं झालं आहे." पण बशी घेऊन त्या स्वतःच आल्या आणि बघायला उभ्या राहिल्या.

आता प्रश्न होता दगड खरवडायचा. चिमूटभर पूड लागणार होती. सरांचा हात कापत होता. गोपिकाने त्यांच्या हातातून ब्लेड घेतलं. आयुष्यभर तिने रडणाऱ्या लेकरांना टोचलं होतं, त्यांच्या आयांची समजूत काढली होती. पण हे टोचणं तिला जड गेलं. कोपऱ्यावर तिने अलगद ब्लेड फिरवलं. रुपरावांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

पुडीवर सरांनी ड्रॉपरने तेजाबाचे थेंब टाकले, स्पिरिट ओतलं, आणि यमुताईंनी खिडकीचा पडदा ओढून काडी लावली.

ज्योत हिरवी झाली. पोपटी हिरवी, कडेला पिवळी. ज्योत विझेपर्यंत चौघं त्या बशीभोवती वाकून उभे होते.

"बोरॉन आहे," सर म्हणाले. "म्हणजे कूळ टाकणखाराचंच. पण पाण्यात जात नाही, म्हणजे टाकणखार नाही." मग ते हसले. "आणि मी चाखला होता ना, तोही टाकणखारच होता बरं का! तळ्याकाठी पडून वरून थर चढला असेल. मी सदरा चाखला, गोपिकाताई. माणूस आतच राहून गेला."

"मग हा कुर्नाकोवाइट असन काय, सर?" तिने पहिल्यांदाच ते नाव मोठ्याने उच्चारलं.

सरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "असू शकतो. पण डोळ्यांनी सांगणं खोटं होईल. पाण्यात न जाणारे साधे, ढीगभर मिळणारे बोरेटही असतात. माझी विद्यार्थिनी आहे, नूपुर. तिच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं यंत्र आहे. आणखी थोडी पूड द्या. पण आशा जरा बेताने ठेवा हं."

आशा कधी कुणी बेताने ठेवली आहे? गोपिकाने ते दोन दिवस कसे काढले ते तिचं तिला माहीत. वरणाला दोनदा मीठ पडलं. रुपराव बिचारे दोनदा मुकाट्याने जेवले. ढीगभर मिळणारा निघाला तर? मग भाऊबीजेचा दगड पुन्हा दगडच. या खेपेला तर शंकाही उरणार नव्हती.

शनिवारी फोन वाजला तेव्हा दवाखान्यात लसीकरण चालू होतं. समोर एका आईच्या मांडीवर गुटगुटीत पोर, हातात सिरिंज. गोपिकाने फोन वाजू दिला. टोचलं, कापूस दाबला, पोराने आभाळ डोक्यावर घेतलं, आणि मगच तिने फोन कानाला लावला.

"काकू, नूपुर बोलून राहिली. तुमचा दगड कुर्नाकोवाइट नाही आहे."

गोपिकाने खुर्चीची पाठ धरली.

"इंडेराइट आहे, काकू! ऐकून राहिल्या ना? इंडेराइट! मी आजपर्यंत फक्त पुस्तकात पाहिला होता. यंत्र दोनदा चालवलं आम्ही, दोन्ही वेळा तेच!"

"म्हंजे... बरं हाये काय हे?"

"अहो, बरं काय विचारता! कुर्नाकोवाइट आणि हा, दोघांतलं सामान एकच. मॅग्नेशियम, बोरॉन, पाणी, सगळं तेवढंच. आतली मांडणी तेवढी वेगळी."

एकाच बेसनाचा झुणका होतो आणि पिठलंही होतं, गोपिकाच्या मनात आलं. नूपुर उत्साहाने पुढे सांगत होती. असं खारं तळं आटत जातं तेव्हा आधी चुना बसतो, मग जिप्सम, मग मीठ. सगळ्यांचं बसून झालं की उरल्यासुरल्या पाण्यात बोरॉनचे असले खडे धरतात, तेही सगळं जुळून आलं तर. जगात मोजक्याच ठिकाणी. गोपिकाला घरची पंगत आठवली. सगळ्यांची पानं उठल्यावर शेवटी बसते ती घरची बाई. आणि तिच्यापुरतं उरलं तर उरलं. या दगडाशी आपलं नातं आहे, असं तिला उगाच वाटलं.

तिने फोन ठेवला. समोर बाया रांगेत बसल्या होत्या.

"काय झालं वं सिस्टर? चांगली खबर हाये काय?" पोराला थोपटणाऱ्या आईने विचारलं.

"माया भाऊनं भाऊबीजेले देलेला दगड लय मोठा निघाला," गोपिका म्हणाली. बायांना काय कळलं देव जाणे, पण तिचं तोंड पाहून सगळ्या हसल्या, आणि तिला इतका आनंद झाला की पुढच्या पोराला टोचायच्या आधी तिने त्याचा चक्क मुका घेतला.

संध्याकाळी तिने सावनेरला फोन केला. काही सांगितलं नाही. "भाऊ, उद्या ये. येच," एवढंच म्हणाली.

रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये कूलर घरघरत होते आणि भर उन्हातही माणसं लोटली होती. दरवर्षी गोपिकाचं टेबल पार मागे, जिन्याजवळ असायचं. यंदा सुमंतसरांनी मधलं टेबल तिला दिलं. काचेच्या पेटीत काळ्या मखमलीवर तो एकटा. रुपराव इस्त्रीचा शर्ट घालून पेटीच्या शेजारी उभे होते, आणि कुणी विचारो न विचारो, सांगत होते.

"हा पान्यात जात नाई. म्या सोता धुतला हाये. टाकीच्या पान्यानं."

एका प्राध्यापकांनी त्यांना गंभीरपणे विचारलं, "कितपत तापमान असेल पाण्याचं?" रुपराव तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "हात पोयते इतकं." प्राध्यापकांनी मान डोलावली.

नणंदही आली होती. तिने पेटीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि आल्यागेल्याला सांगितलं, "आमच्या वहिनीचा हाये. मी तं पयलेपासूनच म्हनत होती, याच्यात काईतरी हाये." गोपिकाला एरवी राग आला असता. आज तिने तिला सरबत दिलं. जिंकलेल्या माणसाने उदार का होऊ नये?

सरांनी माइक हातात घेतला, आपण सदरा चाखल्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि हॉल हसला. हे हसू वेगळं होतं. त्यात गोपिकाही होती. टाळ्या पडायला लागल्या तेव्हा ती उभी राहिली, सवयीने कुठे मागे सरकावं ते शोधू लागली, आणि मग सरकली नाही. ताठ उभी राहून तिने त्या टाळ्या पुऱ्या ऐकल्या.

आनंदराव आले ते दुपारच्या एसटीने. डंपरच्या धक्क्यांनी गुडघे गेलेले. काठी टेकत, दाराशी थबकत आले. बगलेत साडीचा बॉक्स होता. बहिणीने अचानक बोलावलं म्हणजे काहीतरी कार्य असेल, असं धरून त्यांनी वाटेत घेतला होता.

गर्दीने त्यांना वाट दिली. पेटीपुढची पाटी त्यांनी ओठ हलवत, सावकाश वाचली. इंडेराइट. दुर्मीळ बोरेट खनिज. लडाख, खाऱ्या तळ्याचा काठ. त्याखाली लिहिलं होतं: शोधणारे, आनंदराव. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

"हा तोच काय वं?"

"तोच हाये, भाऊ."

"म्हंजे टाकणखार नव्हता?"

"नाई गा. कधीच नव्हता."

आनंदरावांनी साडीचा बॉक्स टेबलाच्या कडेला ठेवला, काठी रुपरावांकडे दिली, आणि पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. हात मात्र पेटीला लावला नाही. पाटीवर लिहिलं होतं, हात लावू नये.

गोपिकाने सरांकडे पाहिलं. सरांनी लांबूनच मान हलवली. तिने पेटीचं झाकण उचललं, दगड काढला आणि भावाच्या ओंजळीत ठेवला.

आनंदरावांनी तो जरा वर-खाली करून पाहिला.

"लय हलका हाये वं गोपे," ते म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात दगडाखाली गुंतले होते, म्हणून गोपिकाने आपल्या पदराने त्यांचे डोळे पुसले. मागे रांग थांबली होती. कुणी घाई केली नाही.